बुटाला बसेल असं बाइंडिंग

माझ्या रूममेटच्या काकांनी आयुष्यात एकही झाकण चुकीच्या डब्यावर लावलेलं नाही. हे मी हवेत बोलत नाहीये, पार्सिपनीच्या त्यांच्या किचनमध्ये उभं राहून तपासलंय. एकदा उरलेली भाजी पिस्कॅटवेला न्यायची म्हणून मी ओट्यावरचा एक रिकामा डबा घेतला आणि हाताला लागलं ते झाकण दाबून बसवलं, तर काका बाहेरच्या खोलीतून, टीव्हीवरची नजर न काढता, नुसत्या आवाजावरून म्हणाले, "ते श्रीखंडाच्या डब्याचं आहे." आणि ते होतंच.

मी आणि मंग्या, म्हणजे माझा रूममेट, पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीत एमएस करत होतो आणि दर दुसऱ्या शनिवारी त्याच्या काकांकडे जेवायला जायचो. काकूंच्या हातचं जेवण आणि काकांचं ज्ञान हे कॉम्बो पॅकमध्ये मिळायचं, त्यातलं एक नको म्हणून चालायचं नाही. कुठली वस्तू कुठल्या वस्तूला बसते, हा काकांचा विषय. व्हॅक्युमची पिशवी, प्रिंटरची शाई, फिल्टरची कार्ट्रिज, सगळ्यांचे मॉडेल नंबर त्यांना तोंडपाठ, आणि प्रत्येक वस्तूचं मॅन्युअल फाइलला लावलेलं. काकूंच्या इंडियातून आणलेल्या कुकरची रिंग सैल झाली तेव्हा हा माणूस कुकरचं झाकण बगलेत मारून हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि तिथली एकूण एक रबरी रिंग त्याला लावून बघितली. दोन तासांनी एक सापडली, नळाच्या कामाची, अगदी फिट्ट. काकांनी ती परत खुंटीला अडकवली आणि घरी आले. का, तर ती खायच्या वस्तूंसाठी बनवलेली नव्हती. "बसलं म्हणजे चाललं असं नसतं," ते मला म्हणाले. मग महिनाभर काकू पातेल्यात वरण शिजवत होत्या आणि म्हणत होत्या, "सगळ्या जगाचं जुळवून बघतात. आमची पत्रिका तेवढी बघितली नाही."

मला नकला करायची सवय शाळेपासून. बार्शीला आमच्या हेडमास्तरांची नक्कल करताना हेडमास्तर मागेच उभे होते, इतका माझा अनुभव दांडगा. त्यामुळे तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी काकांची नक्कल केली: चष्मा कपाळावर, मान तिरकी, हातात कॉलेजपासून जपलेला व्हर्नियर कॅलिपर, आणि समोर मोजायला एक उकडीचा मोदक. लोक हसून लोळले. काकाही हसले, डोळे पुसले, आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "छान केलंस. फक्त मोदकाला आतला जबडा नाही लावायचा, बाहेरचा." मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो. आपली टिंगल होत असतानासुद्धा मोजमाप बरोबर व्हावं असं वाटणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

तर २००४ च्या हिवाळ्यात या माणसाच्या घरात स्कीइंग शिरलं.

काकांची मुलगी नेहा तेव्हा सातवीत. तिच्या शाळेच्या स्की क्लबची ट्रिप पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर जाणार होती आणि तिच्या तिन्ही मैत्रिणी जाणार होत्या. आदल्या वर्षी काकांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं होतं, आणि आता ते पुढचं वर्ष येऊन फॉर्मच्या रूपात फ्रिजवर चिकटलं होतं. काका नाही म्हणत नव्हते आणि सहीही करत नव्हते. त्यांच्या ऑफिसात एकजण अख्खा फेब्रुवारी प्लॅस्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून मीटिंग घेत होता, ते चित्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. काकूंनी मात्र पोळ्या लाटता लाटता, आम्हा दोघांदेखत, एका वाक्यात विषय संपवला. "यंदा नाही म्हणालात तर ती परत विचारणार नाही. स्कीचंच नाही, कशाचंच." दुसऱ्या दिवसापासून काका कामाला लागले.

बर्फ म्हटलं की मला गोळेवाला आठवतो, त्यामुळे स्कीइंगमधलं मला जे कळलं ते काकांकडूनच. पायात कडक प्लॅस्टिकचा बूट, खाली स्की म्हणजे घसरायची लांब पट्टी, आणि दोघांना जोडणारं ते बाइंडिंग. त्याचा एक चाप बोटांकडे, एक टाचेकडे. त्याला कामं दोन: स्की चालू असताना बूट घट्ट धरायचा, आणि माणूस पडला की वेळेवर सोडायचा; किती जोर आला की सोडायचा, ते माणसाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगच्या आकड्यावर लावतात. सोडला नाही तर स्की वळेल तसा पाय वळतो. काकांनी हे मला दोन चमचे आणि एका पोळीवर करून दाखवलं. पोळीचं काय झालं ते बघून मी जेवलो नाही.

बूट आणि स्की स्वस्तात मिळाले म्हणून काकांनी ऑक्टोबरातच गावातल्या जुन्या सामानाच्या सेलमधून आणून ठेवले होते. स्कीवरची बाइंडिंग इतकी जुनी होती की दुकानवाल्यांनी हात लावायला नकार दिला. आणि स्वतःचं सामान आणणाऱ्यांनी दुकानातून तपासल्याची चिठ्ठी आणावी असं क्लबचं म्हणणं होतं, म्हणजे नवी बाइंडिंग घेणं आलं. मी म्हटलं, काका, भाड्याने घ्या की सरळ. ते म्हणाले, "भाड्याची स्की काल कोणाच्या पायात होती? त्याचं वजन किती? आज तो स्प्रिंगचा आकडा बदलला का? कोणी बघितलं?" मी पोहे खात राहिलो.

मग तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नाही. काकांनी एक्सेल शीट काढली. बुटाच्या तळाची लांबी टाचेवर मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तरी ती परत मोजली. लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या बुटांचा पुढचा ओठ, म्हणजे चापात अडकणारी कड, वेगळ्या जाडीचा असतो, आणि काही बाइंडिंगना एकच चालतो, हे शोधून काढलं. कंपन्यांच्या टोल फ्री नंबरवर फोन केले, आणि पलीकडच्या पोरांना त्यांच्याच मॅन्युअलमधली पानं उघडायला लावली. स्प्रिंगच्या आकड्यासाठी नेहाचं वजन लागणार होतं, तर बाथरूमचा काटा त्यांनी आधी इंडियाच्या बॅगा तोलायच्या काट्याशी ताडून पाहिला, कारण तो एकदा एअरलाइनच्या काट्याशी तंतोतंत जुळला होता. शेवटचा रकाना होता स्की करणारा कसा आहे याचा: जपून, मध्यम की बिनधास्त. जो बिनधास्त, त्याचं बाइंडिंग जास्त घट्ट. काकांनी तिला न विचारता "जपून"वर खूण केली. नेहाने ते खोडून "बिनधास्त"वर केली. काकांनी परत खोडलं. तो कागद शेवटी इतका खोडला गेला की नवी प्रिंट काढावी लागली. अकरा बाइंडिंगमधून दहा बाद झाली आणि एक उरलं. ते घरी आलं तेव्हा काकूंनी त्याला कुंकू तेवढं लावायचं बाकी ठेवलं.

शनिवारी ट्रिप, आणि गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं दुकानात: काका, नेहा, मंग्या, मी. आमचं काहीच काम नव्हतं, पण इतक्या तयारीचा निकाल लागायचा आणि आपण तिथे नाही, हे कसं चालेल? बाइंडिंग बसवणाऱ्या होत्या एक आजीबाई. पांढरे केस, काळा एप्रन, कानावर पेन्सिल. काकांनी तीन पानी प्रिंटआउट पुढे केलं. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाल्या की एवढ्या वर्षांत असं काम करून आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही, याची एक कॉपी मला द्याल का. काका लाजले. शपथेवर सांगतो, लाजले.

मग बाईंनी नेहाला बूट घालून उभं राहायला सांगितलं. सगळे बकल लावलेले. म्हणाल्या, टाच उचल. नेहाने टाच उचलली, आणि बूट जागेवरच राहिला. बाईंनी बकल न काढता पाय बाहेर ओढला, तर तो सुळकन निघाला. पायात तीन मोजे होते, त्यातला वरचा काकांचा. बाईंनी विचारलं, हा बूट हिच्या पायापेक्षा दोन नंबर मोठा का?

काकांनी शांतपणे सांगितलं की मुलगी वाढते आहे, दोन वर्षं तरी पुरायला नकोत? मी आणि मंग्याने जोरात माना डोलावल्या. बार्शीत माझ्या शाळेच्या बुटात पुढे कागदाचा बोळा असायचा, आणि पाचवीत शिवलेली खाकी चड्डी मला नववीत नीट बसली. दुकानात चार मराठी माणसं उभी होती आणि त्यातल्या तिघांना यात काय चुकलं तेच कळत नव्हतं.

चौथीला कळत होतं. ती खाली बघत होती.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाइंडिंगला फक्त बूट कळतो. बुटात पाय मोकळा फिरत असेल, तर पाय पिळला जाईल आणि खाली बाइंडिंगला पत्ताही लागणार नाही."

काकांनी ती तीन पानं हातात घेतली आणि पहिल्यापासून परत बघितली. बुटाची लांबी होती, ओठाची जाडी होती, वजन होतं, उंची होती. पायाचा रकानाच नव्हता. मी त्यांचे शंभर चेहरे करून दाखवू शकतो, पण तेव्हाच्या चेहऱ्याकडे मला नीट बघवलं नाही. नेहाने बाकावर बसून एकेक मोजा काढायला सुरुवात केली आणि म्हणाली, "इट्स ओके, बाबा. नेक्स्ट इयर."

"नाही," काका म्हणाले. "माझं चुकलं. मी सगळं मोजलं, तुझा पाय मोजला नाही."

आमच्या घराण्यात, गल्लीत, किंबहुना अख्ख्या तालुक्यात कुठल्या बापाने पोरीला दुकानात, लोकांसमोर असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नेहाने वर बघितलं. काकांनी बाईंना तिचा पाय मोजायला सांगितला आणि आजच्या मापाचा, फक्त आजच्या मापाचा, बूट काढायला लावला. तो या बाइंडिंगला बसेल का, हे त्यांनी शीट न उघडता बाईंनाच विचारलं. बाई म्हणाल्या, बसेल. काकांनी मान हलवली. कोणाच्या तरी नुसत्या शब्दावर काकांनी विश्वास ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग त्यांनी शेवटच्या रकान्यासाठी पेन नेहाला दिलं. तिने जरा विचार केला आणि "मध्यम"वर खूण केली. काउंटरवरच काकांनी खिशातून ट्रिपचा फॉर्म काढला आणि सही केली. परत येताना मंग्या म्हणाला, काका, पुढच्या वर्षी हे बूट तिला होणार नाहीत. काका म्हणाले, "नाही होणार."

बसमध्ये आईबापांना जागा नव्हती. म्हणून शनिवारी आम्ही तिघं काकांच्या गाडीतून, मध्ये चार गाड्या ठेवून, बसच्या मागे गेलो. डोंगराच्या पायथ्याशी जाळीमागे उभं राहून काका, नेहाचं जॅकेट लाल म्हणून, वरून येणारं प्रत्येक लाल जॅकेट मोजत होते. नेहा आली ती झोकात, आणि आमच्यासमोरच एका वळणावर जोरात पडली. दोन्ही स्की दोन दिशांना उडाल्या. काकांनी माझं कोपर असं आवळलं की दोन दिवस दुखत होतं, पण हाक मारली नाही. नेहा बसली, बर्फ झटकला, पाय हलवून बघितले, मग एकेक स्की आणून तिच्यात बूट ठेवला आणि टाच दाबली. मैत्रिणींनी लांबून काहीतरी ओरडलं, ती हसली आणि त्यांच्याकडे निघाली. काकांनी हात वर केला होता. तिचं लक्ष नव्हतं. तो हात खाली यायला थोडा वेळ लागला.

"चला," ते म्हणाले, "ती येईल संध्याकाळी बसने." आम्ही तासभरसुद्धा थांबलो नाही. पार्किंगपर्यंत लांब चालायचं होतं, आणि त्या सगळ्या वाटेत काकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. म्हणून मग मीच दोनदा बघितलं.