शारदाजींच्या नावाचं लाल कार्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, गावाकडे भावाचा फोन येतो त्यालाही नाही. बायको असती तर सांगायची वेळच आली नसती, तिनं माझ्या चपला काढण्यावरून ओळखलं असतं. तीन दिवाळ्या झाल्या. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही समोर बसला असता तर मी हवापाण्याचे चार शब्द बोलून उठलो असतो.

आधी माझ्याबद्दल. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं फौजेच्या वर्कशॉपात, गाड्यांचा फिटर म्हणून. अठ्ठावीस वर्षं नोकरी, हवालदार होऊन उतरलो, आणि अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक मशीन बिघडलं नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या नातीला ते पाढ्यासारखं पाठ आहे. ध्यानात ठेवा ते. सगळी भानगड त्या वाक्यानंच — नाही, वाक्यानं कशाला? मीच केली.

मुलगा विम्याच्या कचेरीत. त्याची बदली जयपूरला झाली, मानसरोवरात फ्लॅट घेतला, मीही सामानाबरोबर आलो. पहिल्या महिन्यात मी घरातला मिक्सर उघडून साफ केला, पंखे उतरवले, दारांच्या बिजागऱ्या बदलल्या. मग वॉशिंग मशीनकडे बघत बसलो होतो, तेव्हा सून मृणाल म्हणाली, "बाबा, या घरात घट्ट करायला आता एक स्क्रू उरला नाही. बाहेर कुठंतरी जाऊन घट्ट करा." तिनंच फोनवर शोधून काढलं. मालवीय नगरात एक हॅकरस्पेस आहे म्हणाली.

हॅकर म्हणजे लोकांच्या खात्यावर डल्ला मारणारा, एवढं मला टीव्हीवरून ठाऊक होतं. सासऱ्याला चोरांत पाठवते की काय ही? तरी गेलो. सिटी बसनं गेलो आणि बघतो तर एका इमारतीच्या तळघरात मोठा हॉल. ड्रिल, वेल्डिंग, शिवणयंत्र, प्लॅस्टिकच्या शेवया पाडून वस्तू घडवणारं एक यंत्र, आणि लोखंडी पेटीएवढं लेझरचं मशीन. हत्यारं सगळी सगळ्यांची. मालक कुणी नाही, नोकर कुणी नाही. म्हणून झाडणं, पाणी भरणं, कुलूप लावणं पाळीपाळीनं, आणि पाळ्यांचा कागद दाराशी चिकटवलेला. मला तिथं बराकीची आठवण झाली. दुसऱ्याच आठवड्यात मी भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची रेघ मारून दिली, पान्याच्या जागी पाना, हातोडीच्या जागी हातोडी. एक जरी गायब असेल तरी भिंत ओरडून सांगते. तेव्हापासून सगळे मला हवालदारसाहेब म्हणायला लागले. खोटं कशाला सांगू, ऐकायला बरं वाटायचं.

आता तिथली एक रीत सांगतो, कारण पाप त्या रीतीपाशीच झालं.

कुणाच्या हातून काही मोडलं तर त्यानं लाल कार्ड भरायचं. कार्डावर चार ओळी — नाव, काय मोडलं, कसं मोडलं, पुढच्याला काय सांगाल. भरलं की मोठ्यानं वाचायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं. दंड नाही, बोलणी नाहीत. उलट सगळे टाळ्या वाजवतात आणि त्या माणसाला पहिला चहा देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. मोडल्याबद्दल टाळ्या? आमच्याकडं मोडल्याबद्दल पाठीवर बंदूक घेऊन मैदानाला फेऱ्या असायच्या. तिथल्या किल्ल्या सांभाळणारा नितेश, कम्प्युटरवाला, पस्तिशीचा असेल, त्यानं मला समजावलं की टाळ्यांमुळं लोक लपवत नाहीत. मी म्हटलं, ज्याला लपवायचंय तो लपवणारच. बघा, आधीच सांगितलं होतं मी.

आता शारदाजी. पन्नाशीच्या, जयपूरच्याच, घर वैशाली नगरात. पातळ लाकडाची कानातली करायच्या, जुन्या हवेल्यांच्या खिडक्यांना जाळी असते तसल्या नक्षीची. ही नक्षी त्या स्वतः कागदावर काढायच्या, कम्प्युटरवर चढवायला स्वतः शिकल्या, आणि लेझर दहा मिनिटांत वीस जोड कापून द्यायचं. त्या मशीनवर त्यांचा भारी जीव. झाकण लावताना सुद्धा हळू लावायच्या, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी ओलसर लाकूड कापलं आणि धूर ओढणारा पंखा लावायला विसरल्या. हॉलभर धूर. खोकत खोकत सगळे वर रस्त्यावर पळाले. एवढंच झालं. हे एवढंच झालं होतं, हे नीट वाचा.

रविवारी सकाळी सफाईची पाळी माझी होती. अकराची वेळ, मी दहाला हजर. झाडून झालं, पुसून झालं. मग म्हटलं कालच्या धुरानं मशीन आतून मळलं असणार. झाकण उघडलं. आत कोटाच्या बटणाएवढ्या तीन गोल चकत्या, पिवळ्या, वर काळपट डाग. मी काय ओळखणार? अठ्ठावीस वर्षं पट्ट्याचं बक्कल आणि छातीवरची बटणं घासलेला माणूस मी. पिवळं आणि डागाळलेलं म्हणजे पितळ, आणि पितळ म्हटलं की पॉलिश. पॉलिशची डबी माझ्या खिशात असते. अजूनही असते. मी बैठक मारली आणि तिन्ही चकत्या मन लावून घासल्या. पिवळेपणा जाऊन खालून करडी चमक निघाली. म्हटलं, वा, आतून तर चांदीच आहे. एवढी चमक कमांडरनं पाहिली असती तर सुट्टी दिली असती.

विचारायला हवं होतं ना कुणाला? मशीनच्या झाकणावर काहीतरी छापलेलंही होतं इंग्रजीत, लाल अक्षरांत. लाल अक्षर चांगलं काही सांगत नसतं हे चौथी शिकलेल्यालाही कळतं. मी त्या अक्षरांवरही फडकं मारलं आणि पुढं गेलो.

अकराला मंडळी आली. शारदाजींनी उरलेली नक्षी लावली, बटण दाबलं, आणि लाकडावर नुसता फिकट ओरखडा उमटला. पुन्हा दाबलं. पुन्हा ओरखडा. नितेशनं झाकण उघडलं, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "अरे, शीशों की परत ही उड़ गई."

ते पितळ नव्हतंच. आरसे होते. किरण त्यांच्यावर आपटून खाली लाकडावर जातो म्हणे. आणि वर सोन्याची परत असते, केसाहून बारीक. सोन्याची. आणि ते सोनं त्या घडीला कुठं होतं? माझ्या विजारीच्या उजव्या खिशात, फडक्यात.

मी तोंड उघडायच्या आधीच शारदाजी बोलल्या. "मुझसे हुआ. कल पंखा नहीं चलाया ना मैंने." नितेश डोकं खाजवत म्हणाला, हो, धूर बसून आरसा तापला असेल, परत जळली असेल, होतं असं. आणि मी? मी हातात झाडू धरून उभा. एक शब्द पुरे होता — "मी". एवढा एक शब्द मला परेडवर मैदानभर ऐकू जाईल असा म्हणता येतो.

शारदाजींनी कार्ड भरलं. मोठ्यानं वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठी टाळी कुणाची असेल? बरोबर. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर माझी जीभ ती कसली? मी चहाचा पेला हातात घेऊन भाषण केलं. म्हटलं, फौजेत यालाच जिगर म्हणतात, चूक लपवणाऱ्याला आम्ही माणसात धरत नव्हतो. लोकांनी माझ्या भाषणालाही टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन चष्मा लावून ते फडकं उलगडून पाहिलं. काळं. सोनं कुठंच दिसेना. मृणालनं विचारलं, "बाबा, काय शोधताय?" मी म्हटलं, काही नाही, फडकं वाळलं का बघतोय.

तुम्ही म्हणाल, पुढच्या रविवारी सांगायचं. मीही तेच म्हटलं होतं. पण पुढच्या रविवारी गेलो तर माझ्या हातातला झाडू शारदाजींनी काढून घेतला. म्हणाल्या, माझ्यामुळं सगळ्यांचं मशीन बंद पडलंय, सफाईची तुमची पाळी आता मी करणार, तुम्ही बसा, वय झालंय तुमचं. दंड नाही ही तिथली रीत, तरी बाईंनी स्वतःला दंड लावून घेतला. आणि मी बसलो. खरंच बसलो. खुर्ची ओढून, चहा घेऊन. वर उंटावरून शेळ्या हाकल्या — त्या ड्रिलखाली राहिलंय बघा, त्या कोपऱ्यात भुसा आहे. माझ्या गुन्ह्याची शिक्षा दुसरी बाई भोगते आणि मी तिला कोपरे दाखवतो. तेव्हा गंमत नव्हती वाटत हो, अगदी रीतसर वाटत होतं. म्हातारपणी माणसाला खुर्ची फार लवकर पटते.

दोन महिन्यांनी नवे आरसे आले. मशीन पहिल्यासारखं चालू झालं. शारदाजी मात्र त्याच्याजवळ गेल्या नाहीत. नितेशनं किती सांगितलं, हसून टाळलं. मग एक दिवस माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, हातानं कापायला शिकवाल का?

शिकवलं. धनुष्यासारखी बारीक करवत असते, केसाएवढं पातं. पहिल्या दिवशी नऊ पाती तुटली. मी म्हटलं, पात्याला राग कळतो, दम धरा. महिन्याभरात हात बसला. जाळी इतकी देखणी काढायला लागल्या की मी चुका शोधणं सोडून दिलं. त्या मला उस्तादजी म्हणायला लागल्या. तीजेच्या सणाला घेवर आणला माझ्यासाठी, इकडची जाळीदार मिठाई, पहिला तुकडा मला दिला. मी खाल्ला. दुसराही खाल्ला. घेवर घशात अडकला वगैरे काही झालं नाही, चांगला होता.

पण एका जोडाला दोन तास. जिथं दहा मिनिटांत वीस व्हायचे. आणि गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या मनगटाला पट्टी. मी विचारलं नाही कशानं दुखतं. मला माहीत होतं कशानं दुखतं.

हे असंच चाललं असतं. मी मेलो असतो आणि भिंतीवर शारदाजींचं कार्ड राहिलं असतं. पण मागच्या रविवारी एक नवी बाई आली, तिला लेझर शिकायचं होतं. नितेशनं सहज शारदाजींकडं बोट दाखवलं, यांच्यासारखं मशीन कुणाला येत नव्हतं म्हणाला. शारदाजी हातातला झाडू टेकवून त्या बाईला भिंतीपाशी घेऊन गेल्या. आपलं लाल कार्ड दाखवलं. म्हणाल्या, हे बघ, मी तोडलं होतं, इथं कुणी रागवत नाही, घाबरू नकोस. त्या दिवशी हे उस्तादजी माझ्यासाठी केवढं चांगलं बोलले होते. मग ती बाई म्हणाली, तर मग तुम्हीच शिकवा ना.

शारदाजींनी आपला हात उलटा करून बघितला. "ना बहन. मशीन को मेरा हाथ नहीं सुहाता."

आणि पुन्हा झाडायला लागल्या. मी खुर्चीत होतो.

त्या हाताला काय झालं होतं हो? काही नाही. तो हात निर्दोष होता. तीन वर्षं ती बाई आपल्या हाताला अपशकुनी समजून वागली, आणि ज्याच्या हातानं केलं तो अठ्ठावीस वर्षांचं वाक्य म्हणत फिरला. माझं एक वाक्य शाबूत राहावं म्हणून तिचा हात गेला. याला मी काय नाव देऊ? भ्याडपणा म्हणतात. फौजेतही तेच म्हणतात.

निघताना मी पेटीतून एक कोरं लाल कार्ड खिशात घातलं. पॉलिशच्या डबीशेजारी. आठवडाभर ते टेबलावर पडून होतं. नातीनं विचारलं, आजोबा, तुम्ही काय तोडलं? मी म्हटलं, अजून लिहिलं नाही. ती म्हणाली, पण तुमच्या हातून तर एक पण मशीन बिघडत नाही ना. पाढा पाठ आहे म्हटलं ना मी.

उद्या रविवार. पाळीच्या कागदावर माझं नाव आहे. कार्ड आज भरलं. तिथं सगळे हिंदी वाचतात म्हणून हिंदीत भरलंय, अक्षर वेडंवाकडं आहे पण वाचता येतं. जागा चारच ओळींची, म्हणून बाकीचं तुम्हाला लिहिलं. ओळी अशा आहेत.

नाव — हवालदार दत्ताराम, सफाईची पाळी.

काय मोडलं — लेझरचे तिन्ही आरसे.

कसं मोडलं — पितळ समजून पॉलिशनं घासले, आणि गप्प बसलो.

पुढच्याला काय सांगाल — शेजारचं कार्ड काढून टाका. शारदाजींच्या हातून काही मोडलेलं नाही.