वस्त्रगाळ

शुभांगीचं नाव घेतलं की देवळाली कॅम्पापासून पंचवटीपर्यंतचे रांगोळीवाले माना डोलावतात, हे कुणीही कबूल करेल. पोरीच्या हाताला देवानं काय दिलंय कोण जाणे! पोरगी म्हणायचं ते कौतुकानं, बाई पन्नाशी ओलांडलेली आहे. पण पाच फुटी माणूस असा काढते की बघणाऱ्याला वाटावं, आता हा शिंकेल. सुरकुती, मिशीचा केस, डोळ्यातलं पाणी, सगळं नुसत्या भुकटीतून. पाडवा आला की गोदाकाठच्या मोठ्या रांगोळीला मधला चेहरा शुभांगीनंच काढायचा, हे ठरलेलं. यंदा तर तिचा सत्कारही होता. नऊवारी इस्त्री करून कपाटात टांगलेली होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ती डॉक्टरांसमोर धडधडीत खोटं बोलली.

खोटं कुणाबद्दल? तर सुलाबाईंबद्दल. सुलाबाई म्हणजे शुभांगीची थोरली नणंद, घरात सगळे आक्का म्हणतात. नांदगावला सासर होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून अकरा वर्षांपूर्वी शुभांगीच्या नवऱ्यानं, भारतनं, बहिणीला जेलरोडच्या घरी आणलं. भारतचं कॅम्पच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस दिवेलागणीला परततो, तोवर घरात या दोघीच. एकदा शुभांगी सहज म्हणाली, "आक्का, एवढी भुकटी चाळून देता का?" त्यानंतर तिला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

आता चाळणं म्हणजे काय, ते ऐका. बाजारची रांगोळी भरड असते. उंबऱ्यापुढच्या गोपद्मांना ती चालते, पण चेहऱ्याला नाही. गालावर दाणा आला की माणूस देवी आल्यासारखा दिसतो. म्हणून शुभांगीचा हट्ट असायचा, वस्त्रगाळ पाहिजे. पातेल्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं ताणून बांधायचं, वर भुकटी टाकायची आणि तळहातानं घोळवत राहायचं. खाली पडतं ते मैद्याहून मऊ. पांढऱ्याला चकाकी यावी म्हणून त्यात गारगोटीचं पीठ घालायचं, ही शुभांगीची खास युक्ती, कुणाला सांगायची नाही. हे सगळं चालायचं जिन्याखालच्या खोलीत. पंखा लावला तर माल उडणार, म्हणून पंखा बंद. खिडकी उघडली तर वारा येणार, म्हणून खिडकी बंद. दाराच्या फटीलासुद्धा गोणपाट.

शुभांगी स्वतः चित्र काढताना नाकावर रुमाल बांधायची. तब्येतीसाठी नव्हे हो! फुंकर लागून चित्र बिघडू नये म्हणून. आक्कांना कुठलं चित्र काढायचं होतं, त्यांना रुमाल कोण देणार? आणि वस्त्रगाळ म्हटलं की वैद्याचं चूर्ण आठवतं. शब्दच इतका सोवळा, त्यात वाईट काही असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आक्कांना खोकला लागला. आधी काढे झाले. मग जिना चढताना धाप लागायला लागली. थुंकीत काही सापडलं नाही, तरी छातीचा फोटो बघून एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या दिल्या. सहा महिने खाल्ल्या. अन्न जाईना, अंगावरची चोळी ढगळ झाली, खोकला मात्र जागच्या जागी. शेवटी भारतनं छातीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं.

बाईंनी फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "या कधी दगडाच्या खाणीत होत्या का? खडी फोडायला, काच कारखान्यात, धुळीच्या कुठल्या कामाला?"

त्या क्षणी शुभांगीच्या डोळ्यांपुढे जिन्याखालची खोली उभी राहिली. अगदी गोणपाटासकट. आणि तोंडातून निघालं, "छे हो! आक्का काही करत नाहीत. घरीच असतात."

भारतनं मान हलवली. आक्काही म्हणाल्या, "नाय बा. मी कुठं कामाला जाणार?"

"मग सोमवारी फुप्फुसाचा तुकडा काढून बघावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वय आणि अशक्तपणा बघता थोडी जोखीम आहे. पण दुसरं काही कळत नाही तोवर इलाज नाही."

झालं. तेव्हापासून शुभांगीला घास गोड लागेना. का नाही बोललीस, अगं का? भारतसमोर मान खाली जाईल म्हणून? सत्काराच्या तोंडावर कुणी म्हणेल, हिनं नणंदेला कोंडून राबवलं, म्हणून? हो, म्हणूनच. दुसरं काही कारण नव्हतं, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. फोनवर शोधून पाहिलं तर गारगोटीच्या धुळीबद्दल नको नको ते वाचायला मिळालं. तिनं फोन उपडा ठेवला. मग मनाची समजूत घातली, एवढ्याशा रांगोळीनं काय होतंय? सगळं गाव रांगोळी काढतं. पण सगळं गाव बंद खोलीत बसून ती गाळत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

रविवारी दुपारी ती पांढऱ्याचा डबा आणायला जिन्याखाली गेली. दार लोटलं, पण गोणपाटाला अडलं. जोर लावून ढकललं. आत आक्का मांडी घालून बसल्या होत्या. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, पातेलं अर्धं भरलेलं. खोकल्याची उबळ आली की पदर तोंडात कोंबायच्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"आक्का! अहो, उद्या दवाखान्यात जायचंय तुम्हाला!"

"म्हणून तर आजच उरकते," आक्का धापा टाकत म्हणाल्या. "पाडवा तोंडावर आला. मला तिथं ठेवून घेतलं म्हणजे? तुमचा चेहरा भरड झाला तर लोक नावं ठेवतील ना, वैनी."

शुभांगीनं त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. मोरीवर नेऊन तोंड धुतलं. पाणी दुधासारखं वाहत होतं, आणि शुभांगी रडत होती. आक्कांना वाटलं, उद्याची भीती वाटते पोरीला. त्यांनीच उलट तिच्या पाठीवर हात फिरवला. तेव्हा मात्र शुभांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दवाखान्यात भारत फॉर्म भरायला बसला. नाव, वय, पत्ता. व्यवसायाच्या रकान्याशी आल्यावर त्यानं 'काही नाही' लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," शुभांगी म्हणाली. "तसं लिहू नका."

तिनं पर्समधून भुकटीची पुडी काढली आणि सरळ डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली. मग एका दमात सगळं सांगितलं. अकरा वर्षं, बंद खिडकी, गारगोटी, काहीच गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी मला माहीत होतं. तरी मी नाही म्हणाले."

डॉक्टरीणबाईंनी चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली. "किती बारीक केलीय! हीच तर आत खोल जाऊन बसते. जाड धूळ नाकातच अडकते, ही अडकत नाही." मग त्या भारतकडे वळल्या. "आज तुकडा काढायचा नाही. फोटो आणि ही हकिगत, दोन्ही जुळतंय. एक स्कॅन करू, पण बहुतेक हा या धुळीचाच आजार आहे. टीबीच्या गोळ्या पुन्हा नकोत. मात्र झालंय ते भरून येत नाही. वाढू न देणं एवढंच हातात आहे. आजपासून या धुळीच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही."

भारतनं फॉर्म बाजूला ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "संध्याकाळी तू चहाला बोलवायचीस तेव्हा ती त्याच खोलीतून यायची. मी रोज बघत होतो गं."

शुभांगी आक्कांपुढे खाली बसली. "आक्का, माझं चुकलं. मला वाट्टेल ते बोला. पण ते पातेलं आता बंद. मी आज भंगारात देते."

आक्कांनी आधी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग भावाकडे. राग तर सोडाच, म्हातारीचा चेहरा पार उतरून गेला होता.

"वैनी, असं नका करू," आक्का हळूच म्हणाल्या. "मग मी तुमच्या घरात काय म्हणून राहू?"