कळणं परवडत नाही तेव्हा

“तुमचं हिमोग्लोबिन सहा आहे,” इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टर म्हणाल्या. “बाईचं निदान बारा तरी असावं लागतं. शरीरात कुठेतरी रक्तस्राव होतोय आणि तो बरेच दिवस चाललाय. आज तुम्हाला घरी सोडता येणार नाही.”

यावर शहाण्या माणसानं विचारलं असतं, मी वाचेन ना? मी विचारलं, “हे रेकॉर्डवर जाणार का?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. शेजारी माझा नवरा श्रीकांत मान खाली घालून बसला होता, त्याला बरोबर कळला. ज्यांना तो कळेल त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे.

दोन हजार सहाचा हिवाळा होता. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. श्रीकांत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कंपनीनं त्याचा अख्खा विभाग बंद केला आणि नोकरीबरोबर आमचा आरोग्य विमाही गेला. तोच विमा स्वतःच्या खिशातून चालू ठेवता येतो, पण त्याचा हप्ता घराच्या हप्त्याशी स्पर्धा करणारा. आम्ही ठरवलं, नवी नोकरी लागेलच, तोवर आजारी पडायचं नाही. जसं काही ते आपल्याच हातात असतं!

मी मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात पर्सच्या काउंटरवर उभी राहायला लागले. उभी म्हणजे खरोखरच उभी, कारण विकणाऱ्यांनी बसायचं नाही असा नियम होता. कामाचे तास मुद्दाम बेतानं देत, म्हणजे आम्हाला विमा द्यावा लागत नाही. पन्नाशी ओलांडलेले माझे गुडघे महिन्याभरात बोलायला लागले.

औषध घरात होतंच. अमेरिकेतल्या मराठी घरात भारतातून आणलेल्या गोळ्यांचा एक ड्रॉवर असतो आणि भारतात एक डॉक्टर नातेवाईक असतो. आमच्या नागपूरच्या भावजींनी फोनवर सांगितलं, “वहिनी, जेवणानंतर घ्या, आणि आठवडाभरच.” त्यातलं जेवणानंतरचं मी लक्षात ठेवलं.

शेजारच्या काउंटरवर डोना होती. माझ्याच वयाची, एकटी. गाड्यांच्या कंपनीच्या ऑफिसात तिची उमेदीची वर्षं गेली, मग नोकरी गेली. तळ्याकाठचं तिचं छोटं घर विकलं गेलं, मग बोट गेली. हे ती अशी हसत सांगायची की ऐकणाऱ्यानं काय करावं ते कळू नये. ब्रेकरूममध्ये तिनं एक बरणी ठेवली होती. ज्याला जमेल त्यानं दुखण्यावरच्या गोळ्या आणून टाकायच्या, ज्याचं दुखेल त्यानं घ्यायच्या. आम्हा सगळ्याच बायकांचं दुखायचं. माझ्या नागपूरच्या गोळ्याही त्यात गेल्या आणि भलत्याच लोकप्रिय झाल्या.

“नॅली, तुमच्याकडच्या गोळीत दम आहे,” डोना म्हणायची. नलिनी हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

दिवाळीनंतर मला थकवा यायला लागला. जिना चढताना धाप लागे. शौचाला डांबरासारखं काळं होई. डॉक्टर याला मेलीना म्हणतात. पोटात वाहिलेलं रक्त पचून असं काळं दिसतं. नाक मुरडू नका, रोज बघत जा. मला शब्द ठाऊक नव्हता, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. तरी मी गप्प राहिले. त्या काळी प्री-एक्झिस्टिंग कंडिशन नावाचं भूत होतं. म्हणजे नवा विमा घेण्याआधी असलेला आजार. विम्याविना काही महिने गेले आणि मधे एखादा आजार कागदावर आला, की नव्या विम्यात त्याचा खर्च नाकारण्याची भीती. म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणी आजार कागदावर येऊच देत नसत.

एके दुपारी उंची कोट घातलेल्या एक बाई दोन पर्समधली कुठली घ्यावी या विवंचनेत होत्या. शेवटी दोन्ही घेतल्या. जाताना मायेनं म्हणाल्या, “किती फिकट दिसताय तुम्ही! डॉक्टरांना दाखवून टाका ना.” पाणी पिऊन घ्या म्हणावं इतक्या सहज. मनात चांगलं झणझणीत उत्तर आलं होतं, पण ते ओठांवर यायच्या आत मी खाली कोसळले. डोनानं मला स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं आणि श्रीकांत आल्यावर ती पुन्हा काउंटरवर उभी राहायला गेली.

मला रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघितलं. अल्सर निघाला, पोटाच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. वाहणाऱ्या शिरेला तिथल्या तिथे चिमटा लावला. जखमेच्या कडा डॉक्टरांना आवडल्या नाहीत, म्हणून बायॉप्सी घेतली. कॅन्सर आहे का हे बघायला काढलेला तो छोटासा तुकडा.

“या गोळ्या दुखणं थांबवतात आणि पोट सोलून काढतात,” माझ्या गोळ्यांचं नाव ऐकून एंडोस्कोपीचे डॉक्टर म्हणाले. “इतके महिने कुणी दिल्या तुम्हाला?”

मला एकदम ब्रेकरूममधली बरणी आठवली. ते गेल्यावर मी पडल्यापडल्या डोनाला फोन लावला.

“ती बरणी आत्ताच्या आत्ता फेकून दे. आणि खरं सांग, तुझं शौच काळं होतं का?” हा प्रश्न मी आयुष्यात सख्ख्या बहिणीलाही विचारला नव्हता.

ती म्हणाली, “थँक्सगिव्हिंगपासून.” म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरपासून.

“मग इथे ये ना, बाई!”

“नॅली, मला कळणं परवडत नाही. जे कळलंच नाही त्याचं बिल येत नाही.”

माझ्याच मनातलं बोलली. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या समाजसेविका आल्या. त्यांनी समजावलं की इमर्जन्सीत आलेल्याला विमा नाही म्हणून तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी या हॉस्पिटलकडे चॅरिटी केअर, म्हणजे धर्मादाय मदत, आहे. श्रीकांतचा चेहरा पडला. “आपण धर्मादाय घ्यायचं? आपण आजवर देणाऱ्यांतले.”

“अरे, काल मला रक्त चढवलं तेव्हा विचारलंस का कुणाचं ते?” मी म्हटलं.

तो समाजसेविकांकडे वळून म्हणाला, “सांगा, काय करायचं?”

डोनाला पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. “उद्या आली नाहीस तर मी सलाइन ओढत दुकानात येईन.” आली. लिपस्टिक लावून, ऑफिसातल्या दिवसांतला कोट घालून, मुलाखतीला यावं तशी. श्रीकांत दिवसभर वेटिंग रूममध्ये तिच्याजवळ बसून राहिला. तिलाही दाखल करून घेतलं, तिचीही बायॉप्सी घेतली.

घरी आल्यावर आम्ही रोज फोनवर बोलायचो. बर्फ, सूप, साबण यांबद्दल. रिपोर्टचं नाव दोघीही काढत नव्हतो. माझा आधी आला. कॅन्सर नव्हता. मी हुंदके देऊन रडले, आणि तिचा यायचाय म्हणून तिला सांगायचं धाडस होईना. दोन दिवसांनी तिचाच फोन आला.

“ओन्ली अ‍ॅन अल्सर! नॅली, ओन्ली अ‍ॅन अल्सर!”

मी स्वयंपाकघरात अशी ओरडले की श्रीकांतला वाटलं त्याच्या नोकरीचा फोन आला. अल्सर झाला म्हणून इतकं आनंदलेलं कुणी मी तरी पाहिलेलं नाही.

पुढे श्रीकांतला नोकरी लागली, आधीपेक्षा धाकट्या हुद्द्याची. मोठं घर आम्ही सोडलं. डोनाचे दिवस काही फिरले नाहीत, पण रक्त मात्र भरून आलं. त्या डॉक्टरांचे, समाजसेविकांचे आणि मला रक्त देणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे आभार मी रोज मानते.

हल्ली ओळखीच्या बायका मला बाजूला घेऊन हळूच सांगतात, गाठ लागतेय, रक्त जातंय, पण विमा नाही हो नलूताई, कळायलाच नको. मी समजूत घालत बसत नाही. गाडी काढते, त्यांना घेऊन जाते आणि कळेपर्यंत शेजारी बसते.