हॉइट सायझमोरने संघ बदलला

सप्टेंबरात हॉइट सायझमोरने ट्रकची किल्ली फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवली, तेव्हा त्याची बायको नेल्डा हिने ती काढली, पुसली आणि खुंटीला लावली. बुधवारच्या चर्चमधल्या जेवणाला तो मंगळवारीच भांग पाडून जाऊन बसला, तेव्हा ती त्याला घेऊन आली आणि म्हणाली, एवढी भूक लागली होती तर सांगायचंस ना. सख्ख्या मेहुण्याला त्याने एकाच दुपारी दोनदा नाव विचारलं. तो मेहुणा लक्षात ठेवण्यासारखा नव्हताच, असं नेल्डाचं मत पडलं. वय झालं की माणूस विसरतो. अलाबामातल्या पाइन ब्रँच गावात विसरण्याला कोणी आजार म्हणत नाही.

पण ऑक्टोबरातल्या एका सोमवारी, न्याहारीला पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतता ओतता हॉइट म्हणाला, "काही म्हण, बर्डेटचा तो टीग आहे ना, त्याच्यासारखा क्वार्टरबॅक या राज्यात झाला नाही."

नेल्डाने चमचा खाली ठेवला, हात धुतले आणि डॉक्टरांना फोन लावला.

त्या भागात कॉलेजं दोन. निदान फुटबॉल, म्हणजे हाताने फेकायचा अमेरिकन फुटबॉल, खेळणारी आणि म्हणून मोजण्यासारखी दोन. एक बर्डेट, त्यांचा रंग जांभळा आणि झेंड्यावर खेचर. दुसरं टालोसा, हिरवा रंग आणि झेंड्यावर तोंड वासलेलं कासव. माणूस बाप्तिस्मा घेतो तो आपल्या मर्जीने, पण संघ त्याला जन्मतःच मिळतो आणि तो बदलत नाही. बायको बदललेली माणसं पाइन ब्रँचमध्ये होती, चर्च बदललेली होती, एकाने तर नाव बदललं होतं. संघ बदललेला एकही नव्हता. नेल्डा बर्डेटची, हॉइट टालोसाचा. नेल्डाने सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात केली आणि हॉइट विजेच्या कंपनीत लाइनमन होता. दोघांपैकी कोणी कुठल्या कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यावाचून काही अडतही नाही.

त्यांची ओळख एका लग्नात झाली. कुणा परराज्यातल्या नवऱ्या मुलाने अजाणतेपणी बर्डेट-टालोसा सामन्याच्या शनिवारी लग्न ठरवलं होतं. आत चर्चमध्ये लग्न लागत होतं आणि निम्मे पाहुणे बाहेर एका गाडीच्या रेडिओभोवती उभे होते. तिथे एका उंच, तांबूस केसांच्या पोराने नेल्डाच्या क्वार्टरबॅकला उद्देशून म्हटलं, "हात आहे, डोकं नाही." नेल्डाने वळून त्याची अशी बिनपाण्याने केली की वधूवर बाहेर आले तरी तिचं संपलं नव्हतं. त्या दोघांनी स्वतःचं लग्न मात्र सभ्य माणसांसारखं जूनमध्ये केलं.

तेव्हापासून दर मोसमात दर सोमवारी न्याहारीला दोन्ही क्वार्टरबॅक टेबलावर यायचे. नेल्डाचं म्हणणं एकच. क्वार्टरबॅकचा हात बघायचा. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो, तर त्याने तो असा लांब फेकावा की लोकांनी आ वासून बघत राहावं. हॉइट म्हणायचा, "लांब तर मीही फेकीन. पण कोणाच्या हातात फेकतो ते बघ. चेंडू सांभाळतो तो खरा." मग ती म्हणायची, सांभाळायला काय ते तान्हं बाळ आहे? मग तो गेल्या दहा वर्षांतले बर्डेटचे सगळे चुकलेले चेंडू काढायचा. खेळाडू चार वर्षांनी कॉलेज सोडून जायचे, नवे यायचे. भांडण तेच राहायचं.

एकदा नेल्डाच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती डोळे उघडेना, नर्सही कावऱ्याबावऱ्या झाल्या. हॉइट रात्रंदिवस तिचा हात धरून बसला होता. शेवटी तो वाकून तिच्या कानात म्हणाला, "नेल्डा, शनिवारी तुझ्या दिवट्याने तीन चेंडू समोरच्यांच्या हातात दिले." नेल्डाने डोळे उघडले आणि म्हणाली, "दोन. तिसरा वाऱ्याने गेला." दोघांचं एकमेकांवर किती प्रेम आहे, याबद्दल त्या घरात एवढंच काय ते बोललं गेलं.

आणि घराच्या पडवीत झेंड्याची काठी एकच. नोव्हेंबरअखेर दोन्ही संघांचा आपसांतला सामना झाला, की ज्याचा संघ हरला त्याने दुसऱ्याचा झेंडा स्वतःच्या हाताने चढवायचा, असा नियम. नेल्डा हरली की ती स्टुलावर चढायची, हॉइट खाली स्टूल धरायचा. कासव चढवून झालं की ती नाक मुरडून म्हणायची, "आता वर्षभर हे ध्यान बघायचं." आणि हॉइट दर वेळी तेच म्हणायचा, "सवय होईल."

डॉक्टर लेडबेटरांनी हॉइटला वर्ष विचारलं. त्याने चुकीचं सांगितलं. राष्ट्राध्यक्ष कोण ते विचारलं, तर तो म्हणाला, "मी त्याला मत दिलं नव्हतं." डॉक्टर लिहून घेत होते.

"ते राहू द्या हो," नेल्डा म्हणाली. "त्याला टीगबद्दल विचारा."

डॉक्टरांनी विचारलं. हॉइटने टीगचा हात, टीगची उंची, टीगची साठ यार्डांची फेक, सगळं तोंडभरून सांगितलं. डॉक्टर लेडबेटर स्वतः टालोसाचे. त्यांनी पेन खाली ठेवलं, हॉइटच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि त्याच आठवड्यात डोक्याच्या तपासण्या करायला माँटगोमेरीला पाठवलं.

तपासण्या झाल्या. निघायचं तेच निघालं. विस्मरणाचा आजार आहे, हळूहळू वाढेल, औषधाने वेग थोडा मंदावेल इतकंच. हॉइट बाहेर कोक पीत बसला होता. डॉक्टर लेडबेटर नेल्डाला म्हणाले, "एक पथ्य तुम्हाला सांगतो. त्यांच्याशी वाद घालू नका. गोंधळतील, घाबरतील. ते म्हणतील त्याला हो म्हणत जा."

"डॉक्टर, मी लग्न झाल्यापासून त्याला एकदाही हो म्हटलेलं नाही," नेल्डा म्हणाली. "आता एकदम म्हणायला लागले तर त्याला वाटेल, मरायला मीच टेकलेय."

पण डॉक्टरांचा शब्द म्हणून तिने पथ्य पाळलं.

"टीगचा हात बघितलास ना शनिवारी?" हॉइट म्हणायचा.

"हो."

"टालोसाच्या क्वार्टरबॅकला, त्या पूलला, जमेल का असं?"

"नाही जमणार."

"बुटका आहे."

"हो, बुटका आहे."

यापुढे बोलण्यासारखं काही उरायचं नाही. हॉइट बिस्कीट अर्धं टाकून उठायचा आणि खिडकीशी जाऊन बसायचा. पुढेपुढे तो भर दुपारी अंथरुणात शिरू लागला. घर इतकं शांत झालं की फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली, आणि नेल्डाला त्या फ्रीजचा राग यायला लागला.

शेजारचा वेंडेल कुंपणापाशी आला आणि टोपी काढून म्हणाला, "नेल्डाबाई, अभिनंदन! म्हाताऱ्याला अक्कल आली म्हणे शेवटी. तुम्ही जिंकलात." वेंडेल बर्डेटचा, मनाने वाईट नव्हता. नेल्डा त्याला थँक यू म्हणाली, आत गेली, कोठीच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि वालाच्या डब्यांसमोर उभी राहून रडली. हॉइटने एकदा तरी तिच्या संघाला चांगलं म्हणावं, असं तिने सगळा संसारभर मागितलं होतं. आता तो रोज म्हणत होता, आणि तिला ते ऐकवत नव्हतं. टालोसाच्या बाजूने बोलणारं त्या घरात कोणी उरलं नव्हतं. हॉइट समोर बसलेला असून तिला हॉइटची आठवण येत होती.

शेवटच्या सामन्याच्या आठवड्यातला सोमवार आला. हॉइटने ग्रेव्ही ओतली आणि म्हणाला, "टीग त्यांना धुऊन काढणार बघ. काय हात आहे!"

नेल्डाने खिडकीतून बाहेर बघितलं. डॉक्टर लेडबेटर काही ऐकायला येणार नव्हते.

"हात आहे," ती म्हणाली, "डोकं नाही."

हॉइटचा चमचा हवेतच थांबला. "काय म्हणालीस?"

"लांब तर मीही फेकीन. कोणाच्या हातात फेकतो ते बघ. चेंडू सांभाळतो तो खरा, आणि पूल सांभाळतो."

"पूल? तो टेबलाखालून चालत जाईल एवढासा पूल?"

"म्हणून कुणाला सापडत नाही. तुझा टीग खांबासारखा उभा असतो. खांबाला कोणीही धडकेल."

"नेल्डा सायझमोर," हॉइट म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ते कान उन्हाळ्यापासून लाल झाले नव्हते. "या राज्यात फुटबॉलमधलं तुझ्याइतकं कमी कळणारी बाई दुसरी नसेल."

"आणि बाप्या तू आहेस."

ते न्याहारी आटोपून भांडी घासेपर्यंत भांडले. हॉइट हिरिरीने नेल्डाचेच जुने मुद्दे मांडत होता, काही तिच्याहून चांगले. नेल्डा त्याचे मांडत होती. ते तिला तोंडपाठ होते. खोडून काढण्यासाठी ऐकलेलं माणूस विसरत नाही. हॉइटने दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं मागितलं, आणि दुपारी झोपला नाही.

शनिवारी तो तिच्या खुर्चीत, तिची जांभळी टोपी घालून बसला. नेल्डाने त्याचा हिरवा सदरा अंगात घातला. तो तिला गुडघ्यापर्यंत आला. असल्या कपड्यात कोणी पाहिलं तर काय, याची तिला धास्ती होती, आणि पाहिलंच. वेंडेल दर वर्षीसारखा मीठ घालून उकडलेल्या शेंगांचं पातेलं घेऊन आला, दारात नेल्डाकडे बघितलं, हिरव्या सदऱ्याकडे बघितलं, पातेलं उंबऱ्यावर ठेवलं आणि आल्या पावली परत गेला. संध्याकाळपर्यंत गावात दोघांसाठीही प्रार्थना सुरू झाली होती.

टीगने सुरुवातीलाच एक चेंडू असा फेकला की हॉइट खुर्चीतून उठला. "बघ! बघ! आहे का तुझ्या बुटक्यात हे?" मग पूल चार जणांच्या बगलेखालून निसटत शेवटच्या रेषेपार गेला आणि टालोसाचा टचडाउन झाला. हॉइटचा हात वर गेला, टोपी डोक्यावरून निघाली आणि फाटकन गुडघ्यावर आपटली. टालोसाचा टचडाउन झाला की त्याची टोपी आयुष्यभर अशीच आपटत आली होती.

त्याने हातातल्या टोपीकडे बघितलं. नेल्डाने त्याच्याकडे.

"डोकं खाजत होतं," हॉइट म्हणाला आणि टोपी पुन्हा घातली.

शेवटची दोन मिनिटं राहिली, तेव्हा बर्डेट चार गुणांनी पुढे होतं आणि चेंडू बर्डेटकडेच होता. टीगने तो नुसता पोटाशी धरून खाली पडायचं होतं, की वेळ संपली असती. एवढं वेंडेललाही कळलं असतं. पण टीगच्या हाताला खाज सुटली. त्याने चेंडू लांब, फार सुरेख फेकला, आणि तो टालोसाच्या माणसाने झेलला. पुढे काय होणार हे नेल्डाला ठाऊक होतं. हा सामना हॉइटने तिला दर सोमवारी सांगितला होता. पूल थोडं फेकत, थोडं धावत, चेंडू छातीशी घट्ट धरून रेषेपार गेला. बर्डेट हरलं म्हणून नेल्डाला जुन्या सवयीने अगदी मनापासून वाईट वाटलं. आणि तोंडाने ती ओरडली, "शाब्बास रे माझ्या कासवा!"

हॉइटने टीव्ही बंद केला. नेल्डा शेंगांची टरफलं गोळा करू लागली. झेंड्याचा विषय तिने काढला नसता. तो तरी कुठून त्याच्या लक्षात असणार.

"कुठाय तो?" हॉइट म्हणाला.

"काय?"

"झेंडा. नियम म्हणजे नियम. मी रडका नाही."

तिने कपाटातून हिरवा झेंडा आणला. अजून उजेड होता. पडवीत तिने स्टूल ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरलं. हॉइट वर चढला, जांभळा झेंडा उतरवला आणि नव्या झेंड्याची दोरी हातात घेऊन तसाच थांबला. गाठ आठवत नाहीये, असं तिला वाटलं, आणि तिला भीती वाटली. मग त्याची बोटं आपोआप हलली. खांबांवर जन्मभर मारलेली लाइनमनची गाठ, एक वेढा, दुसरा वेढा, ओढ. पक्की बसली.

तो खाली उतरला, मागे सरला आणि तोंड वासलेल्या त्या कासवाकडे बघून नाक मुरडलं. अगदी नेल्डासारखं.

"आता वर्षभर हे ध्यान बघायचं," तो म्हणाला.

नेल्डाच्या हातात अजून स्टूल होतं. ते सोडवेना.

"सवय होईल," ती म्हणाली.