अंड्यावर बसलेला बाप

आंध्रात शहामृगासारखे इमू पाळायचं खूळ आलं, तेव्हा माझ्या नवऱ्यानंही एक जोडी आणून इचोड्याच्या आमच्या घरामागं तारेच्या कुंपणात सोडली. तो कचेरीत कारकून, मी शाळेत बाई. घरात कधी कोंबडीसुद्धा पाळलेली नव्हती.

दोघांतला एक इमू अंगानं दांडगा. मान फुगवून असा घुमायचा, की रिकाम्या ड्रमवर कुणी बुक्क्या मारतंय असं वाटायचं. दुसरा नुसता घशात घुरघुरायचा. नवऱ्यानं लगेच निकाल दिला, "दांडगा तो नर. आवाज आयकून राह्यली ना? असा पायजे गडी!" हे सांगताना तो स्वतःही छाती फुगवायचा. पुढं यायचं ते पोट.

थंडीत काळपट हिरवी, मोठाली अंडी दिसली. त्यांच्यावर घुरघुऱ्या बसला तो बसलाच. दाण्याला तोंड लावेना. सासूचा जीव कळवळला. "बाळंतीन हाय बापा, उपाशी कशी राह्यीन?" म्हणत तिनं डिंकाचा लाडू कुस्करून पुढं ठेवला. तो दांडग्यानं येऊन खाल्ला, वर नवऱ्याच्या खिशातल्या पेनाचं चकचकीत टोपणही गिळलं. टोपण दुसऱ्या दिवशी शिटेत सापडलं. नवऱ्यानं धुऊन परत पेनाला लावलं.

शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. "अम्मा, ये बाप है. इनमें नर ही अंडे पे बैठता है, खाना भी छोड़ देता है. वो ढोल बजानेवाली मादा है."

"ठीक से देखो ना साब," नवरा म्हणाला.

"उठाके आप देखो. लात आगे मारता है."

नवऱ्यानं उठवलं नाही. सासूनं मला हळूच विचारलं, "म्हंजे ते अंडे टाकून नुसती हिंडून राह्यली?"

"हौ."

"लय शानी हाय वं," सासू म्हणाली, आणि मादीकडं बघतच राहिली.

गल्लीभर बातमी झाली. बाया आपापल्या नवऱ्यांना घेऊन येऊ लागल्या. "पहा जी, नीट पहा!" नवरे कुंपणाच्या तारा तपासत उभे राहायचे.

पिलं निघाली, अंगभर पट्ट्यांची. बाप वाळून काटकी झालेला, पण ताठ उठला आणि मादीला आधी हुसकून लावलं. नवरा मक्याची वाटी घेऊन आत गेला, तर त्यालाही एकच लात. लुंगी उभी फाटली, आणि आतली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सगळ्या बायांनी पाहिली.

"म्या काय केलं त्याचं?" हळद लावून घेताना तो कण्हला.

"लेकरं हायेत त्याचे," सासू म्हणाली. "तुले लेक झाली तवा तू इंद्रवेल्लीले पत्ते खेळून राह्यला होता."

पुढं ते खूळ ओसरलं, बाजारात इमूंना कुणी विचारेना. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं सगळे न्यायचं कबूल केलं. मादी ताटलीतल्या मक्यामागं सरळ टेम्पोत चढली. बाप काही केल्या चढेना. मग पिलं उचलून आत ठेवली, तेव्हा तो आपल्या पायानं गेला आणि त्यांना पोटाखाली घेऊन बसला.

टेम्पो निघाला. नवरा लंगडत फाट्यापर्यंत त्याच्यामागं गेला. परत आला, तो सरळ लेकीशेजारी जाऊन बसला.