सुझौच्या ट्रेनचा हेवा

अन्याय माझ्या ताईवर झाला. गेल्या मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजता. त्या वेळी तिने हॅमिल्टनमध्ये एका अनोळखी बाईंच्या घरातली मागची खोली ठरवली. आता आठवड्यातल्या चार रात्री ती तिथे झोपणार आणि तिची पाच वर्षांची मुलगी इथे, ऑकलंडच्या दक्षिण टोकाला, पापाकुरात. ताईला कुणी घराबाहेर काढलं नाही, आवाजही चढवला नाही. म्हणून तर अन्याय झालाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

ताई नर्स आहे, अगदी तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागात. तिला हवी तशी जागा हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात मिळाली. जिजूंची नोकरी इथे, विमानतळाजवळ. मी शिकायला आले, शिक्षण संपलं, तरी त्यांच्याच घरात ठाण मांडून आहे. दिवसा नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते, वाटते. ताई रोज कारने जाते-येते. "तासाभराचा तर रस्ता," असं सांगणारे लोक तिथे रविवारी दुपारी जातात. शिफ्टच्या वेळी जाऊन बघा. ती निघते तेव्हा पोरगी झोपलेली, येते तेव्हाही झोपलेली. हॅमिल्टनहून एक ट्रेन येते, नाही असं नाही. पण सकाळी ती ऑकलंडकडे येते आणि ताईला जायचं असतं नेमकं उलट.

या जानेवारीत पुण्याहून परतताना आम्ही चौघं दोन दिवस शांघायला थांबलो. एक दिवस सुझौ बघून यावं असं ठरलं. मी फोनवर अंतर बघितलं, ते साधारण पापाकुरा-हॅमिल्टनइतकंच निघालं. तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

आईने निघताना दशम्या आणि दाण्याची चटणी दिली होती. आमच्याकडे ट्रेनचा प्रवास म्हणजे डबा, आणि डबा कधी उघडायचा याचा नियम आहे: गाव मागे पडल्यावर. ट्रेन सुटली. भाचीने हात पुढे केला.

"थांब गं, शहर संपू दे," जिजू म्हणाले.

शहर काही संपेना. इमारती, कालवा, पुन्हा इमारती. जिजू खिडकीला नाक लावून गाव संपायची वाट बघत होते. शेवटी एक हिरवा पट्टा दिसला, त्यांनी विजयी मुद्रेने झाकण काढलं, चटणीचा वास गाडीभर पसरला आणि लोक बॅगा काढायला उठले. सुझौ आलं होतं.

"आर वी देअर ऑलरेडी?" भाची म्हणाली.

आम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून दशम्या खाल्ल्या. सगळे हसत होते. मलाही हसू आलं, पण वरवरचं. हेवा वाटत होता मला. सरळ, कडू, पोटात दुखणारा हेवा.

संध्याकाळी परतताना तो आणखी वाढला. ताईच्या शेजारी एक बाई बसली होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायाशी भाजीची पिशवी. भाचीला तिने संत्रं दिलं आणि फोनवरच्या भाषांतरातून गप्पा सुरू झाल्या. ती सुझौत काम करायची, राहायची शांघायला, शाळकरी मुलीसोबत. आणि ती चिडलेली होती! नेहमीची ट्रेन चुकली म्हणे, पुढच्या ट्रेनसाठी पंधरा मिनिटं उभं राहावं लागलं. असं कसं चालेल, असं ती फोनला विचारत होती.

पंधरा मिनिटं. मला तिच्या ट्रेनचा हेवा वाटत होताच, आता तिच्या तक्रारीचाही वाटला. इतकी छोटी तक्रार करता येणं म्हणजे केवढी श्रीमंती!

ताईने फोन घेतला आणि हळूच विचारलं, "तुम्ही पोहोचता तेव्हा मुलगी जागी असते का?"

बाईने भाषांतर वाचलं. पुन्हा वाचलं. तिला वाटलं फोन चुकला. मग हसून बोलली आणि फोनवर उमटलं: "जागी म्हणजे? मी पोहोचते तेव्हा ती अभ्यास टाळत असते."

ताई हसली. मग तिने मान खिडकीकडे वळवली आणि शांघाय येईपर्यंत वळवलेलीच ठेवली. बाईला काही कळलं नाही. कळणार कसं? तिच्या आयुष्यात हा प्रश्नच नव्हता.

परत आल्यावर मी पेटले. पत्रक लिहिलं, आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात वाटलं. फ्लॅट बुश उपनगरातल्या एका काकांनी ते चष्मा वर करून वाचलं.

"चीनचं काय सांगतेस? तिथे लोकशाही आहे का?"

"नाही ना काका. इथे आहे, म्हणूनच मागतेय."

"पन्नास लाखांचा देश हा. बुलेट ट्रेन परवडेल?"

"बुलेट मागितलीय कुणी? खालची ओळ वाचा. सकाळी दक्षिणेकडे, हॅमिल्टनला, एक साधी ट्रेन, संध्याकाळी परत एक. रूळ आहेत. त्याच रुळांवरून दुधाची पावडर जाते. पावडरीला ट्रेन आहे, नर्सला नाही!"

काकू मध्ये पडल्या. "अगं, त्यापेक्षा तिला म्हणावं, नोकरी सोड. मूल लहान आहे."

ताई शेजारीच उभी होती, हातात तिळाच्या वड्यांचं ताट. तिने ते काकूंपुढे धरलं. कारमध्ये बसल्यावर मात्र माझ्यावर उखडली.

"तुझ्या पत्रकांनी माझी शिफ्ट बदलत नाही."

"मग तू बोल की! तू का गप्प बसतेस?"

"मी दमलेय गं," ती म्हणाली. एवढंच. आणि गेल्या मंगळवारी तिने खोली ठरवली.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. हो, तुमच्याशीच. तुम्हीही चीनला जाऊन येता, ट्रेनचे व्हिडिओ टाकता, "काय स्पीड, काय स्वच्छता" म्हणता आणि सोमवारी गुमान मोटरवेवर रांगेत उभे राहता. तुमचा हेवा तिथेच विरतो. माझा विरत नाही, आणि तुमचाही विरू देऊ नका. प्रादेशिक परिषद वाहतुकीबद्दल लोकांच्या सूचना घेतेय, महिनाअखेरपर्यंत. फॉर्म भरायला इंग्रजी फर्डं लागत नाही. हे वाचून झालं की चहा टाकायच्या आधी चार ओळी लिहा: सकाळी हॅमिल्टनकडे एक ट्रेन, संध्याकाळी परत एक. खाली स्वतःचं नाव घाला, घरातल्या प्रत्येकाला वेगळं लिहायला लावा. आणि ताई भेटली तर तिला नोकरी सोडायचा सल्ला देऊ नका. तुम्ही काय लिहून पाठवलंत, ते तिला सांगा.