हृदयाच्या झडपेचं हत्यार

मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं मी घरीच होते. पनवेलात कॉलेज नव्हतं आणि मुंबईला राहून शिकण्याची सोय नव्हती. वडील मिठागरांवरची पंपाची इंजिनं सांभाळायचे. ते गेल्यावर दादानं घराच्या मागच्या पडवीत लेथ टाकला. भातगिरणीचे शाफ्ट, मचव्यांचे पंप, काय वाटेल ते तिथं दुरुस्तीला यायचं. घरात आम्ही तिघंच होतो: दादा, वहिनी आणि मी.

एक दिवस आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर बगलेत गोणपाटाचं गाठोडं घेऊन पडवीत आले. ते तेव्हा निवृत्त झाले होते. गाठोड्यात दोन जाड गोल काचा होत्या, जुन्या जहाजाच्या खिडक्यांच्या, मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेल्या. त्यांना दुर्बीण करायची होती. दादाकडे ते एक रिकामं पिंप मागायला आले होते आणि ते ठेवायला थोडी जागा.

"एक काच पिंपावर बसवायची," मास्तर सांगू लागले, "दुसरी तिच्यावर घासायची. मध्ये कुरुंदाची, धार लावायच्या दगडाची पूड आणि पाणी. पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. तोच आपला आरसा."

"आणि फिरणार कोण?" दादानं विचारलं.

मास्तरांचे गुडघे धरलेले असायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

असं ते काम माझ्याकडे आलं. रोज दुपारी तास-दोन तास मी पिंपाभोवती फिरायची. आधी जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पूड बदलताना सगळं धुवायचं. हात, नखं, साडीचा पदरसुद्धा. जाड्या पुडीचा एक कण मागे राहिला तर आठ दिवसांच्या कामावर चरा उमटायचा. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या. एकीनं वहिनीला विचारलं, "तुझी नणंद कुनाला फेऱ्या घालते गो?" वहिनी म्हणाली, "काचंला," आणि तांदूळ निवडायला लागली.

वहिनी चिरनेरकडच्या गावातली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिच्या हाताला चव होती आणि तोंडात कायम काहीतरी गमतीचं असायचं. पण ती सारखी बसायची. विहिरीवरून एक कळशी आणली की दोनदा उंबऱ्यावर टेकायची. आम्ही समजायचो, अंगात रक्त कमी असेल. ती पडवीच्या दारात बसून माझ्या फेऱ्या मोजायची आणि मध्येच विचारायची, "बाय, तुला दम नाय लागत?"

आरसा झिलईला आला तेव्हा मास्तरांनी मला तो तपासायला शिकवलं. पत्र्याला सुईनं भोक पाडून त्यामागे दिवा ठेवायचा. आरशावरून परतणारा उजेड जिथं एका बिंदूत येतो तिथं दाढीचं पातं सरकवायचं आणि पात्याच्या कडेला डोळा लावायचा. जी काच बोटाला लोण्यासारखी लागत होती, तिच्यावर मला टेकड्या दिसल्या, खड्डे दिसले. मास्तर म्हणाले, "अंगठा टेकव क्षणभर." मी टेकवला, उचलला. पुन्हा पाहिलं तर अंगठा ठेवला होता तिथं काच फुगून वर आली होती. माझ्या हाताच्या उबेनं. काही मिनिटांनी ती बसली.

"आता समजलं, गुळगुळीत म्हणजे काय?" मास्तर म्हणाले. "आणि प्रत्येक वेळी चूक आधी वहीत लिहायची. दुरुस्ती नंतर." मला ती वही त्यांनीच दिली होती.

रशियानं कृत्रिम चंद्र सोडल्याची बातमी आली त्या दिवसांत आमचा आरसा अजून पुरा व्हायचा होता. मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. "त्यांनी चंद्र सोडला," ते म्हणाले, "आपण निदान आरसा तरी पुरा करू." पुढच्या उन्हाळ्यात आरशाला चांदीचा मुलामा चढला, दादानं पत्र्याची नळी केली. एका संध्याकाळी, अजून पुरता अंधारही नव्हता पडला, मास्तरांनी शनी धरला. वहिनीनं डोळा लावला आणि कितीतरी वेळ बाजूलाच होईना. "खरंच कडं हाय," ती म्हणाली. "मना वाटलं, मास्तर थापा मारतान."

त्याच पावसाळ्यात तिला खोकल्यातून रक्त पडलं.

गावच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि लगेच मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. एस.टी.नं ठाण्यावरून वळसा घालून आम्ही गेलो. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे तिथले डॉक्टर चाळिशीचे असतील. बोलणं कमी. त्यांनी वहिनीला विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?" आला होता, दोन महिने ती उठली नव्हती. हृदयाच्या आतली एक झडप त्या तापानं चिकटून अरुंद झाली होती. रक्त मागे तुंबत होतं, फुप्फुसांत. औषधानं थोडे दिवस निघतील, डॉक्टर म्हणाले. झडप उघडायला हवी.

"कशी उघडता?" दादानं विचारलं. भीतीनं नव्हे. पंप उघडायचा असता तर त्यानं ह्याच आवाजात विचारलं असतं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कागदावर चित्र काढलं. बरगड्यांमधून आत जायचं, हृदय चालू असतानाच त्याला लहानसं भोक पाडून बोट आत घालायचं आणि झडपेच्या चिकटलेल्या कडा बोटानं सोडवायच्या. बऱ्याचदा सुटतात. कधी कडा इतक्या कडक असतात की बोट हरतं. तेव्हा एक हत्यार लागतं. ते त्यांनी कपाटातून काढून दाखवलं: पेन्सिलीएवढी दांडी, टोकाला दोन पाती, मूठ दाबली की उघडणारी. परदेशातून आलं होतं आणि एका पात्याची खीळ मोडली होती. नवीन मागवायचं तर परवान्यालाच वर्ष जाणार होतं.

"मी करून बघू?" दादा म्हणाला.

"तुम्ही काय करता?"

"लेथ हाय माझा. पनवेलला."

डॉक्टर हसले नाहीत. हे मी अजून विसरले नाही. ते म्हणाले, "करा. पण मी ते आधी मेलेल्या हृदयांवर वापरीन. कितीही दिवस. आणि तुमच्या बायकोला मी त्याच्यासाठी थांबवणार नाही."

पोलाद त्यांनीच दिलं. दादानं पहिलं हत्यार तीन आठवड्यांत केलं. मोडक्या नमुन्यावरून मापं घेऊन, लेथवर दांडी, कानशीनं पाती. मला ते मूळच्यापेक्षा देखणं वाटलं. तपासायला आम्ही बाजारातल्या खाटीकचाचांकडून बकऱ्याचं हृदय आणलं. चाचांनी विचारलं, "दिल का क्या करणार?" दादानं खरं ते सांगितलं. त्यानंतर चाचा दर जुम्म्याला एक दिल बाजूला काढून ठेवायचे, पानात बांधून, न सांगता.

डॉक्टरांनी चित्रात दाखवलं होतं तसं दादानं ते कापलं. मी झडप पहिल्यांदा पाहिली. पातळ पांढऱ्या पडद्यासारखी, आणि खाली बारीक दोऱ्यांनी भिंतीला बांधलेली. एवढ्याशा दारावर माणूस जगतं, असं मनात आलं आणि मला पुढे बघवेना. दादानं हत्यार आत घातलं, उघडलं, मिटलं, बाहेर काढलं. त्याबरोबर एक दोरा तुटून बाहेर आला.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा दोरा.

"कुठं धरतंय?" तो हत्यार बोटांवर फिरवत राहिला. बोटाला काही लागत नव्हतं.

मी दिवा आणला. पत्रा, पातं, सगळं लावून काही झालं नाही. ते आरशाचं काम, दांडीचं नव्हे. पण दिव्यासमोर हत्यार तिरपं धरून फिरवताना टोकाशी उजेडाची रेघ एका जागी तुटत होती. तिथं पाती मिटल्यावर केसाएवढी पायरी राहत होती. मी कापसाची एक बट त्यावरून ओढली. तंतू तिथंच अडकला.

त्या दिवशी मी वहीत लिहिलं: "टोकाला पायरी. कापूस धरतो." आणि दादाला म्हटलं, "झिलई माझ्याकडे दे."

दुसरं हत्यार दादानं केलं आणि घासलं मी. मास्तर येऊन बसायचे. उरलेली बारीक पूड त्यांनी पुडीत बांधून आणली होती. डांबराच्या गोळीवर सोनार झिलईला वापरतात ती तांबडी पूड घेऊन मी टोक घासत राहायची, मग धुऊन कापूस ओढायची. वहिनी आता पलंगावरच असायची, उशांना टेकून. आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा. एकदा तिनं हाक मारली. "बाय, ते हत्यार माझ्याच पोटात जायचंय ना?"

"छातीत."

"मंग नीट घास."

कापूस धरणं थांबायला पाच आठवडे लागले. डॉक्टरांनी हत्यार ठेवून घेतलं आणि शवागारातल्या हृदयांवर महिनाभर वापरलं. मग निरोप आला: चालेल. आणि त्याच सुमारास यादीत वहिनीचा नंबर लागून तिची तारीखही आली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आम्ही दोघं इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो. दादा हाताच्या नखांत अडकलेलं काळं तेल काढत होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात लोंबत होता. "बोटानंच उघडली," ते म्हणाले. "छान उघडली. तुमचं हत्यार लागलं नाही."

दादा एकदम हसला. मी डॉक्टरांच्या पायाला हात लावला. पण खरं सांगायचं तर त्या आनंदात कुठंतरी मला खट्टू वाटलं होतं. एवढं घासलेलं ते टोक ट्रेमध्येच पडून राहिलं. पुढच्याच क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून नळावर जाऊन तोंड धुतलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी वहिनीला बोलावलं. शस्त्रक्रियेआधी तिला चढायला लावल्या होत्या त्याच लाकडाच्या दोन पायऱ्या होत्या. त्यांवर ती चढत-उतरत राहिली आणि ते घड्याळ धरून नाडी मोजत एका वहीत लिहीत होते. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली त्या सगळ्यांना ते असं बोलवायचे. कुणी आलं नाही तर पत्र टाकायचे. त्या वहीत चुकाही लिहिलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

कारण वर्षभरानं त्यांचं पत्र आलं. हत्यार आता बऱ्याच जणांवर वापरलं होतं, बरी झालेली माणसं घरी गेली होती. पण आदल्या आठवड्यात एक मुलगी टेबलावरच गेली. एकोणीस वर्षांची. हत्यार वापरलं होतं.

दादानं लेथ बंद केला. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर."

आम्ही गेलो. त्यानं दारातच विचारलं, "डॉक्टर, टोकाला पायरी पडली होती का?"

"नाही. मीही तीच शंका घेतली होती. भिंगाखाली पाहिलं." डॉक्टरांनी हत्यार पुढे केलं. "आत रक्ताची गाठ होती, ती सुटून मेंदूत गेली. मला ती आधी कळायला हवी होती. तुम्ही स्वतः बघा, नाहीतर तुम्हाला झोप लागणार नाही."

मी पर्समधून कापूस काढला. तिथं, त्यांच्या टेबलाशी उभी राहून, टोकावरून ओढला. तंतू सरळ निघून आला. दादानं मला पुन्हा ओढायला लावलं. डॉक्टरांनी हत्यार पुन्हा फडक्यात गुंडाळलं. निघताना ते म्हणाले, "पात्यांचा स्क्रू झिजायला लागलाय. अजून दोन कराल?" दादानं मान हलवली. परतीच्या एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत होता. मुंब्रा गेल्यावर एवढंच बोलला: "स्क्रू कडक पोलादाचा करू."

आम्ही एकूण पाच केली. पुढे मुंबईत एका कारखान्यानं तशी हत्यारं बनवायला घेतली आणि आमच्याकडची मागणी थांबली. मला शाळेत नोकरी लागली. विज्ञान शिकवायला लागले. मास्तर गेले. वहिनीला मुलगा झाला, मग मुलगी. दुसऱ्या बाळंतपणात डॉक्टर स्वतः पत्रानं चौकशी करत होते.

साठ सालानंतर कधीतरी त्यांनी आपल्या संशोधनाचा छापील लेख पाठवला. इंग्रजीत होता. हत्याराबद्दल एक ओळ होती, "स्थानिक कारागिरांनी बनवलेलं" अशा अर्थाची. मागे एक तक्ता होता. मी ओसरीवर बसून वाचत होते तेव्हा वहिनी धाकटीला कडेवर घेऊन आली.

"यात मी हाय का?"

मी तिला ओळ दाखवली. सातवा क्रमांक. स्त्री, वय, शस्त्रक्रियेआधी किती पायऱ्या, नंतर किती. मी मराठीत वाचून दाखवलं. तिनं त्या ओळीवर बोट फिरवलं.

"आनी ती? ती पोर?"

मी शोधली. स्त्री, वय एकोणीस. पुढच्या रकान्यांत आडव्या रेघा होत्या. शेवटी मृत्यूचं कारण, चार शब्दांत.

"नाव नाय लिवलं तिचं?"

"कुणाचंच नाही लिहीत, वहिनी. तुझंही नाही."

तिनं धाकटीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तिचे आई-बाप हायेत का वो कुठं?" तिनं आत वळून दादाला विचारलं. दादाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. धाकटी रडायला लागली होती. तिला माझ्याकडे देऊन वहिनी भात वैरायला आत गेली.